न उलटलेली तबकडी

वीरप्पाच्या हॉटेलात तबकडी अडकली तेव्हा शांतलिंगने चहाचा कप ओठांपर्यंत नेलेला होता, आणि तो तेथेच राहिला. 'सोनारीच्या भैर' एवढेच शब्द कर्ण्यातून बाहेर पडत, सुई मागे सरके आणि पुन्हा 'सोनारीच्या भैर'. नावाचा उरलेला भाग आणि त्या नावामागून यायचे ते 'ये', ही दोन्ही एका ओरखड्याच्या पलीकडे राहिली होती. आवाज बलभीम गोंधळ्याचा होता. त्या आवाजाखाली अखंड घरघरणारा पेटीचा एकच सूर शांतलिंगच्या स्वतःच्या हाताचा होता. चैत्रातली भर दुपार होती. उस्मानाबादच्या बसस्टँडसमोरचा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता आणि टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी नळकोंडाळ्यापासून हॉटेलच्या पायरीपर्यंत ओळीने उभ्या होत्या. बाकांवर बसलेल्यांपैकी कोणीही मान वर केली नाही. मालमोटारीचे दोन ड्रायव्हर जोडीने बशीतला चहा फुंकत होते, पटका बांधलेला एक म्हातारा तहसिलीच्या कामाचे कागद गुडघ्यावर घेऊन पेंगत होता, आणि अर्ध्या नावाने घातलेली ती साद त्यांच्या डोक्यावरून जात होती. वीरप्पाचे दोन्ही हात डाळीच्या पिठात होते. त्याने भज्यांच्या कढईवरून नजर न हलवता कोपराने टेबलाला धक्का दिला. सुई उडाली आणि गाणे पुढच्या नावावर जाऊन पडले. "लई वाजली, सर, तुमची रेकॉर्ड," तो म्हणाला. "दगुड झिजतो, ही तर पलास्टिकची. आणि असं कडंला का बसलाय? ऐसपैस बसा की. बाक रिकामाच हाय."

शांतलिंगने कप खाली ठेवला. त्याच्या मानेवर घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता, हे त्याला ठाऊक होते. शाळेत पंधरा वर्षे मराठी शिकवल्यामुळे असेल, किंवा मुळातल्या स्वभावामुळे असेल, प्रत्येक गोष्टीची मांडणी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि भीतीही त्याला अपवाद नव्हती. त्याने मांडणी केली. तबकडीवर ओरखडा पडला आहे. ओरखडा पडण्याचे कारण ती वारंवार वाजली हे आहे. वारंवार वाजली, कारण ती लोकांना आवडली. यांपैकी एकाही विधानात भिण्याजोगे काही नाही. तर मग जे तीन विधानांत नाही ते त्यांच्या बेरजेत कोठून आले? त्याला सुचलेले उत्तर असे, की आपण मोजताना एक विधान वगळले: ओरखडा पहिल्याच बाजूवर आहे. दुसरी बाजू कारखान्यातून आली तशी कोरी करकरीत आहे, कारण ती कोणी वाजवलेलीच नाही. हे चौथे विधान मांडताच त्याचा हात नकळत सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला, आणि आपला हात तेथे गेला हे लक्षात येताच त्याने तो शरमेने बाहेर काढला.

बलभीम त्याला पहिल्यांदा दिसला तो बहात्तरच्या दुष्काळात, तेरखेड्याच्या अलीकडे पाझर तलावाचे काम निघाले होते तेथे. शाळेत पोरेच उरली नव्हती, ती आईबापांबरोबर कामावर गेली होती. म्हणून मास्तरांना सुकडी वाटपावर देखरेखीला नेमले होते. भाजलेल्या पिठाचा तो गोडसर, किंचित कुबट वास आजही त्याच्या टाळूला चिकटून होता. खडीच्या ढिगांपाशी शंभर हातोडे एकाच वेळी पडत, आणि त्या आवाजाला काही आकार नसे; पण एका कोपऱ्यातून मात्र एक वेगळी चाल ऐकू येई. एक ठोका भरीव, मातीत मुरणारा. त्याच्या पाठोपाठ दोन बारीक, टणक, चिडलेले. शांतलिंग त्या आवाजाच्या दिशेने गेला तेव्हा अंगाने वाळलेला, डोळ्यांत खडीची भुकटी साचलेला एक माणूस उजव्या हाताने हातोडा आणि डाव्या हाताने दगड असे दोन्ही आपटीत बसलेला होता. "संबळ खुटीला हाय, सर," त्याने विचारण्याआधीच सांगितले. "दोन वर्सं झाली, लग्न न्हाय का गोंधळ न्हाय. हात इसरतील म्हणून म्हणलं दगडावर वाजवावं." तो पिढीजात गोंधळी होता. त्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ खडीच्या धुळीने राखाडी पडली होती. पाऊस पडल्यावर लग्ने निघाली, संबळ खुंटीवरून उतरला, आणि शांतलिंग आपली जुनी, दोन सूर सुटलेली पेटी घेऊन त्याच्या घरी जाऊ लागला. तुणतुणे नको, झांज नको, मागे ओढणारे झीलकरी नकोत. एक गळा, एक संबळ आणि पेटीचा एकच न हलणारा सूर, एवढ्यावर गोंधळ उभा राहतो की नाही ते पाहायचे, असे त्यांचे ठरले. तो गोडवा नव्हता. तो आवाज ऐकणाऱ्याच्या छातीच्या फासळ्यांवर बोटे टेकवून बसे. साखर कारखान्याचे चेअरमन आण्णासाहेब एकदा ऐकायला बसले आणि उठताना म्हणाले, "मास्तर, गोंधळ म्हणावा तर झोप येत न्हाय, आणि भजन म्हणावं तर भ्या वाटतंय. ह्याला नाव काय?" नाव दोघांनाही सुचले नव्हते.

मुंबईला तबकडी करायला गेले तेव्हा त्यांच्या अंगावर धुतलेले कपडे आणि पिशवीत बलभीमाच्या बायकोने, मालनबाईने बांधून दिलेल्या भाकरी होत्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना जाड कापड ठोकलेले होते. त्या खोलीत बोललेला शब्द तोंडातून निघताच मरून पडे. आपला आवाज परत येत नाही अशी जागा बलभीमाने आयुष्यात पाहिलेली नव्हती, आणि बराच वेळ तो नुसता खाकरून पाहत होता. चौक मांडल्याशिवाय मी देवांना बोलावणार नाही, असे त्याने सांगितले. तबकडी काढणाऱ्या माणसाने घड्याळाकडे पाहून कपाळाला हात लावला. तरी शेवटी गालिच्यावर रुमाल अंथरून, पिशवीतले मूठभर गहू मांडून, त्यांवर काचेचा पेला कलश म्हणून ठेवून चौक झाला. मग प्रश्न निघाला तो लांबीचा. ती छोटी तबकडी होती. एका बाजूला एकच गाणे बसणार. गोंधळाला आधी देवतांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणांची नावे घेऊन बोलावायचे असते आणि सरतेशेवटी, चौक हलवण्यापूर्वी, एकेकाला आपापल्या ठिकाणी लावून द्यायचे असते; बोलावणे आणि निरोप मिळून एका बाजूवर मावत नव्हते. तोडगा बलभीमानेच काढला. "सोपं हाय, सर. पहिल्या अंगाला बोलावू, दुसऱ्या अंगाला लावून देऊ." शांतलिंगला तो निर्दोष वाटला. एकाच घराला पुढचे दार आणि मागचे दार असावे तशी ती योजना होती. ज्याने बोलावणे ऐकले तो निरोप न ऐकता उठेल, ही शंका दोघांपैकी एकाच्याही मनाला शिवली नाही. ज्या गावांत ते वाढले होते तेथे गोंधळ अर्धा टाकून कोणी उठत नसे. झोपी गेलेल्यांनासुद्धा निरोपाच्या वेळी हलवून जागे करीत.

खरे सांगायचे तर, शांतलिंगच्या मनात निरोपाला महत्त्वच नव्हते. त्याच्या लिंगायत घरात देव बोलावला जात नसे. तो तळहातावर असे, गळ्यात असे; जो कधी गेलाच नाही त्याला ये कसे म्हणावे, आणि जो जाणारच नाही त्याला निरोप कसला द्यावा, हे त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणीच, पूजेला बसलेला असताना, डावा तळहात धरून समजावले होते. बलभीमाच्या देवतांकडे तो आदराने पाही, पण दुसऱ्याच्या घरातल्या पाहुण्यांकडे पाहावे तसे. ते येतात, जेवतात, जातात. आपला त्यांच्याशी संबंध नमस्कारापुरता. ही भूमिका तर्काला धरून होती. अजूनही आहे, असे तो स्वतःला बजावी. आणि तरीही गेल्या काही आठवड्यांत ज्या तऱ्हेने तो हे बजावू लागला होता ती तऱ्हाच त्याला संशयास्पद वाटू लागली होती.

तबकडी निघाली आणि कोणाच्याही अपेक्षेपलीकडे वाजू लागली. कारखान्याच्या गळिताच्या शुभारंभाला आण्णासाहेबांनी ती मोळी टाकताना कर्ण्यावर लावली, आणि हंगामभर उसाच्या गाड्या फाटकातून आत शिरताना ती वाजतच राहिली. पिठाच्या गिरण्या, सायकलीची दुकाने, परंड्याकडे आणि उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची हॉटेले, कोठेही जावे तर बलभीम कोणाला तरी बोलावीत असे. सोलापूरच्या एका दैनिकाने चार ओळींत निकाल दिला की पेटी बिघडलेली असून वादकाच्या ते लक्षात आलेले दिसत नाही. शांतलिंगने ते कात्रण बलभीमाला वाचून दाखवले आणि दोघे पोट धरून हसले. मग एका पुणेरी मासिकात दोन पानी परीक्षण आले. समीक्षकाने लिहिले होते की मराठी संगीतात पहिल्यांदाच एक अशी साद ऐकू येते आहे जिला उत्तराची अपेक्षा नाही. की हे दोघे कलावंत ऐकणाऱ्याला एका उघड्या दारात उभे करतात आणि दार लावून घेत नाहीत, हेच त्यांचे सामर्थ्य. शेवटचे वाक्य शांतलिंगला पाठ झाले होते: 'दुसऱ्या बाजूवरील निरोप ही कर्मकांडाची सोय आहे, कलेची गरज नव्हे, ही तबकडी एकाच बाजूची असती तरी परिपूर्ण ठरली असती.' किती घोटीव वाक्य होते ते. शिक्षकांच्या खोलीत त्याने ते दोनदा मोठ्याने वाचले. बलभीमाच्या ओसरीवर वाचले तेव्हा मात्र बलभीमाने मासिक हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग त्याने विचारले, "त्यांनी उलटवली व्हती का, सर?"

"काय?"

"रेकॉर्ड. उलटवून ऐकली का न ऐकताच लिवलं?"

शांतलिंगने सांगितले की एवढा मोठा माणूस न ऐकता लिहिणार नाही. पण प्रश्न उरला. आणि तो समीक्षकापुरता उरला नाही. बलभीम सायकल काढून हॉटेलांतून हिंडू लागला. जेथे जेथे तबकडी होती तेथे तिची दुसरी बाजू उन्हाकडे तिरपी धरून पाहू लागला. कोठेही तिच्यावर सुईचा ओरखडा नव्हता. काळ्या काचेसारखी ती चकाकत होती आणि तिच्यात त्याचे स्वतःचे तोंड दिसत होते. उलटवा म्हटले की हॉटेलवाले हसत. "बलभीमा, गिऱ्हाईक कवा लावून द्यायचं ते आमचं आमी बघू," असे एकाने त्याला सांगितले.

आणि मग फाल्गुनात, शहराबाहेरच्या एका मळ्यात, मांडवाखाली चौक मांडलेला असताना, बलभीम बोलावण्याला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. तुळजापूरचे नाव निघाले, सोनारीचे निघाले. 'ये' निघाले नाही. संबळ वाजत राहिला, तोंड उघडे राहिले. घरच्यांनी सभ्यपणे ऊन लागले असेल म्हटले, पाणी दिले, आणि शेजारच्या गावाहून त्याच्या चुलतभावाला बोलावून गोंधळ पुरा करवून घेतला. डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा पाहिला आणि तो ठीक आहे म्हणून सांगितले. ठीक होताही. गेल्या रविवारी शांतलिंग त्याच्याकडे गेला तेव्हा बलभीमाने आख्यानातला एक तुकडा असा म्हणून दाखवला, की भिंतीवरची भांडी थरारली.

"आवाज गेला न्हाय, सर," तो म्हणाला. "आवाज हाय. 'ये' म्हणाया गेलं की घसाच इचारतो, आलेलं हाय की, आजून किती बोलावतोस?"

"कोण आलेले आहे?" शांतलिंगने विचारले. त्याला उपहासाने विचारायचे होते; पण वाक्य बाहेर पडताना खरेच प्रश्न झाले.

"ज्याला ज्याला बोलावलं ते. गिरणीवर बोलावलं, कारखान्यावर बोलावलं, ह्या इष्टांडावर तर दिसभर. लावून कुणी दिलंय?"

"मग ते आहेत कोठे, बलभीम?"

बलभीमाने त्याच्याकडे किंचित नवलाने पाहिले. "बसा कुणी म्हणलंच न्हाय, तर बसतील कुठं? उभंच हायेत."

मालनबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान न वळवता म्हटले, "दोघं मिळून लई शाणं. भाकरीला दोन अंगं असत्यात, एकच अंग भाजून कुणी वाढतं का, सर? आता येत्या बेस्तरवारी वाघोलीकरांचा गोंधळ हाय. तितं बी ह्यांचं तोंड असंच उघडं राहिलं, की आमची गोंधळाची धा गावं गेली. ज्याच्या बोलवण्यानं द्येव येत न्हाय त्या गोंधळ्याला कोण उभं करतंय? चुलत दीर बसलाच हाय टपून." ती रागाने बोलत नव्हती. तिचे हात भाकरी थापीत होते. तिच्या आवाजात मात्र काठावर बसलेल्या माणसाचा तोल होता. बलभीम खाली मान घालून संबळाची वादी ओढीत राहिला, सैल नसलेली वादी पुन्हा पुन्हा.

तो गुरुवार आता उद्यावर आला होता. म्हणून तर शांतलिंग शाळा सुटण्याआधी बाहेर पडून वीरप्पाच्या हॉटेलात येऊन बसला होता. काय करायचे हे मात्र त्याने स्वतःला सांगितले नव्हते. कारण जे करायचे ते सांगणे म्हणजे ते मान्य करणे. रविवारपासून 'उभंच हायेत' हे दोन शब्द त्याच्या वाक्यरचनेत शिरले होते. वर्गात फळ्याकडून वळताना तो दाराकडे पाही. आणि दारात कोणी नसते याचा पुरावा म्हणून दाराची रिकामी चौकट त्याला पुरेशी वाटेनाशी झाली होती. रस्त्याने जाताना तो भिंतीच्या कडेने चाले, मधला रस्ता मोकळा सोडून. घरी पाण्याचा तांब्या भरताना त्याच्या मनात आले की इतकी माणसे, माणसे नव्हे, इतकी बोलावलेली मंडळी या तळपत्या, टँकरच्या गावात उभी आहेत, आणि त्यांच्या पायांवर घालायला कोणाकडे पाणी नाही. हा विचार हास्यास्पद होता. त्याने त्याचे खंडन केले. ध्वनी हे हवेचे कंपन आहे, तबकडीत कोरलेली रेघ ही इच्छा नव्हे, यंत्राने म्हटलेले 'ये' हे कोणी म्हटलेले नव्हे. खंडन निर्दोष होते. आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर त्याला असे जाणवत गेले की आपण हे कोणाला तरी ऐकवीत आहोत, आणि ते कोणीतरी शांतपणे, उभ्याउभ्या, ऐकून घेत आहे. सगळ्यांत जास्त भीती त्याला कशाची वाटली असेल तर त्या सभ्यतेची. रागावलेल्या पाहुण्याची समजूत काढता येते. जो बोलावला म्हणून आला आणि जा म्हटले नाही म्हणून थांबला, तो तर आपल्या शब्दाचाच मान राखतो आहे.

तबकडी संपली. वीरप्पाने पिठाचे हात फडक्याला पुसले आणि सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायला नेली.

"वीरप्पा," शांतलिंग म्हणाला, "उलटी लावा."

"त्या अंगाला काय न्हाय, सर."

"त्या अंगालाही मीच वाजवले आहे."

वीरप्पा ओशाळला. डोके खाजवून म्हणाला, "खोटं कशाला बोलू. नवी आणली तवा एकडाव लावली व्हती. सगळी उठली की. चा अर्धा टाकून. मालमोटारीचं किलीनर पोरगंसुद्धा धोतर झाडल्यागत चड्डी झाडून गेलं. पैसं बुडवायला गेली असंबी न्हाय, ठेवून गेली, पर गेली. धंद्याच्या टायमाला असलं गाणं परवडतं व्हय?"

म्हणजे हे असे होते. शांतलिंगला क्षणभर जवळजवळ आनंद झाला, एखादे कूट सुटल्यासारखा. लोक निरोप टाळीत होते ते अनास्थेने नव्हे. निरोप ऐकला की उठायचे, कपडे झाडायचे, घरी जायचे, हे या माणसांच्या गुडघ्यांत लहानपणापासून भरलेले होते. त्यांच्या कानांनी ठरवायच्या आत गुडघे ठरवीत. निरोप निष्प्रभ होता म्हणून दुसरी बाजू कोरी राहिली नव्हती. तो लागू पडत होता म्हणून राहिली होती. पुण्यातल्या त्या विद्वान माणसाच्या गुडघ्यांत असे काहीच नसेल. आनंद जितक्या लवकर आला तितक्याच लवकर विझला. बसलेली माणसे ज्याने उठतात त्याने उभी असलेली जातात का, हा प्रश्न त्याच्यापुढे आला.

तो उठला, यंत्रापाशी गेला, आणि वीरप्पा "सर, सर," म्हणत असतानाच त्याने तबकडी उलटवली. त्या चकाकत्या काळेपणात त्याला आपला चष्मा दिसला. सुई त्याने दोन बोटांनी कडेच्या रेघेवर टेकवली. मग तो परत आपल्या जागी, बाकाच्या कडेला येऊन बसला.

पेटी आधी आली, स्वच्छ, अजिबात न झिजलेली. शांतलिंगला तो सूर आपला वाटेना, इतका तो तरुण होता. मग संबळ, आणि मग बलभीमाचा आवाज, मुंबईच्या त्या बहिऱ्या खोलीत, गव्हाच्या चौकापुढे उभा राहून, एकेकाला वाटेला लावणारा. तुळजापूरच्या आईला घाटाच्या वाटेला. सोनारीच्या नाथाला त्याच्या कुत्र्यांसकट, राहिलेले अन्न बरोबर बांधून देऊन, वेशीपर्यंत पोचवीत. त्यात आर्जव नव्हते, भक्तीही नव्हती म्हटले तरी चालेल. घरच्या माणसाने पाहुण्याच्या हातात काठी द्यावी तशी निगा होती. पटका बांधलेला म्हातारा जागा झाला. त्याने कागद घडी करून खिशात घातले, धोतराचा सोगा झटकला आणि तो उठला. ड्रायव्हर उठले. कोपऱ्यात सोडा पीत बसलेला कंडक्टर बाटली अर्धी ठेवून उठला. कोणी कोणाशी बोलले नाही, पैसे टेबलावर वाजले, सावल्या पायरीवरून उतरल्या; रस्त्यावरच्या घागरींपाशी बसलेल्या बायासुद्धा पदर सावरून उभ्या राहिल्या आणि मग कशासाठी उभ्या राहिलो हे न कळून एकमेकींकडे पाहू लागल्या. वीरप्पा कढईतला झारा हातात धरून रिकाम्या बाकांकडे पाहत होता. "बघा," तो हलकेच म्हणाला.

दारात बलभीम उभा होता. सायकल त्याने भिंतीला लावली होती. नेहमीच्या फेरीवर तो आला असावा आणि आपलाच आवाज ऐकून पायरीवर थबकला असावा. आपल्या निरोपाकडे तो असा कान देऊन होता की जणू दुसरा एखादा, आपल्याहून थोर गोंधळी गातो आहे. शेवटचे नाव आले, वाटेला लागले, संबळ थांबला, पेटीचा सूर बराच वेळ एकटा राहिला आणि विरला. सुई आतल्या रेघेत खरखरू लागली. बलभीमाचे ओठ हलले. त्याने घसा साफ केला नाही, हात कानाशी नेला नाही. रिकाम्या हॉटेलाकडे पाहत, अगदी सहज, पाण्यात पाय घालून पाहावा तसे, त्याने म्हटले, "सोनारीच्या भैरवनाथा, मांडल्या चौकाला ये."

'ये' निघाले. गोल, भरलेले, तव्यावरून उचललेल्या भाकरीसारखे निघाले आणि पत्र्याच्या छपराला जाऊन लागले. वीरप्पाने झारा खाली ठेवला. बलभीमाच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो हसला. हसताना त्याने हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, जसे हरवून सापडलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात. "मोकळा झाला, सर," तो म्हणाला. "उद्याची काळजी मिटली. मालनीला सांगून येतो." आणि मग, पायरी उतरता उतरता, आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन तो थबकला. वळून त्याने घाईने, पुटपुटत, हात करून कोणाला तरी वेशीची वाट दाखवली. तेवढ्याने त्याचे समाधान झालेले दिसले. त्याच्यासाठी ते इतके सोपे होते. सायकलची घंटी वाजली, लांब गेली.

शांतलिंग बसलेला होता. बलभीमाची दहा गावे वाचली याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो कोठेतरी झालाही असेल. पण त्याच्या मनाने, स्वभावाप्रमाणे, मांडणी आधीच सुरू केली होती. घसा अडला होता, कारण ते आलेले होते. घसा सुटला, कारण ते गेले. यांतले दुसरे विधान आता स्वतःच्या कानांनी ऐकून झाले होते, आणि ते खरे मानले तर पहिले टाळता येत नव्हते. म्हणजे ते होते. पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या दारात, रस्त्याच्या मधोमध, ज्या ज्या जागा त्याने वेड्यासारख्या मोकळ्या सोडल्या होत्या त्या त्या जागी. आणि उद्या दुसरा एखादा हॉटेलवाला पहिलीच बाजू लावील. परंड्याच्या रस्त्यावर या क्षणी कोणीतरी लावलीही असेल.

"सर," वीरप्पा म्हणाला. त्याचा आवाज जरा बिचकलेला होता. "समदी उठली. तुमी न्हाय उठला?"

खरेच, तो उठला नव्हता. अख्खे हॉटेल ज्या निरोपाने उठले त्याने त्याचे गुडघे हलले नव्हते. त्याच्या घरात तो निरोप कधी कोणी म्हटलाच नव्हता. जो कधी जात नाही त्याला निरोप कसला. वडिलांचा हात त्याच्या डाव्या तळहाताखाली असल्यासारखा त्याला जाणवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्याचा त्याला आधार वाटला नाही. सुई खरखरत होती. उठायचे म्हणून त्याने बाकाच्या कडेला हात टेकला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आले की एवढा वेळ, एवढ्या लांब रिकाम्या बाकावर, आपण शेजारी कोणासाठी तरी जागा ठेवून अंग चोरून बसलो आहोत, आणि अजूनही तसेच बसलो आहोत.